कंगवा दाखवलात, आता फडकंही दाखवा

कंगवा केसांवरून फिरवायचा, कागदाचे कपटे उचलून दाखवायचे, पोरं ‘आयला’ म्हणतात, आपण फळ्यावर व्याख्या लिहितो आणि स्थिर विद्युतचा धडा संपतो. माझी नोकरीतली पहिली कितीतरी वर्षं अशीच गेली. मग एकदा चाचणीत मी सहज विचारलं, ‘कंगव्यावरचा विद्युत प्रभार आला कुठून?’ जवळजवळ सगळ्या वर्गाने एकच उत्तर लिहिलं: ‘घासल्यामुळे तयार झाला.’ लाल पेन हातात धरूनच बसले. चूक त्यांची कशी म्हणायची? मी त्यांना कंगवा दाखवला होता. केसांचं काय झालं ते कुणी बघितलंच नव्हतं.

घासल्याने प्रभार तयार होत नाही. तो आधीपासून दोन्ही वस्तूंत असतो, धन आणि ऋण सारखे, म्हणून जाणवत नाही. घासताना थोडे इलेक्ट्रॉन, म्हणजे ऋण प्रभाराचे अतिसूक्ष्म कण, एकीकडून दुसरीकडे जातात. कंगव्याकडे जेवढे जास्त आले तेवढेच केसांतून कमी झाले, एकूण बेरीज होती तीच राहिली. प्रभार अक्षय्यतेचा नियम म्हणतात तो हाच. ही ओळ वाचून पोरांना पाठ होते, पटत नाही. पटवायची तर प्रत्येक प्रयोगात जोडीदार वस्तूही तपासावी लागते. कंगवा असेल तर केस, पाइप असेल तर फडकं. पुढचे सगळे प्रयोग मी त्याच हट्टाने करते.

आधी वेळ ठरवा. आमच्या नियोजनात हा धडा ऐन पावसाळ्यात येतो. मी नऊ वर्षं कोकणात होते, तिथे श्रावणात भिंतींना घाम फुटलेला असायचा आणि कंगवा कपट्यांकडे ढुंकूनही बघायचा नाही. दमट हवेत वस्तूंच्या पृष्ठभागावर पाण्याचा अगदी पातळ थर बसतो आणि प्रभार त्यावरून गुपचूप निसटतो. आता बदली होऊन माणदेशात आले, तर हिवाळ्यात स्वेटर काढतानाही तडतड ऐकू येते. मी धडा सरळ दिवाळीनंतर घेते, आणि तोही मधल्या सुट्टीनंतर. हिवाळ्यातली सकाळ कोरडी वाटते, पण दव असतं. दुपारी बारा ते तीन हवा खरी कोरडी. पावसाळ्यातच घ्यायचा झाला तर सामान आदल्या तासाला उन्हात ठेवा, ऊन नसेल तर साध्या पिवळ्या बल्बखाली शेकून घ्या. पंखा बंद. हातांना तेल, घाम नको.

सामानाला खर्च जवळजवळ नाही. गावातल्या वायरमनकडे घराच्या वायरिंगच्या पीव्हीसी पाइपचे तुकडे पडलेले असतात, अर्धा इंची, फूटभर लांबीचे चार मागून घ्या. पूर्वी मी शीतपेयाच्या स्ट्रॉ वापरायचे, त्यांच्यावर बंदी आली ते एका परीने बरंच झालं, पाइप जास्त टिकतो. घासायला लोकर हवी. आमच्याकडे जुनी घोंगडी घरोघरी असते, तिचा ओंजळीएवढा तुकडा पुरतो. ती नसेल तर शंभर टक्के लोकरीचा स्वेटर शोधा. बाजारातले बहुतेक स्वेटर अॅक्रिलिकचे असतात आणि मग पोरांना शिकवलेल्या खुणा उलटसुलट होतात. लोकरीने घासलेला पीव्हीसी पाइप ऋणप्रभारित होतो, हे आपलं माप. याशिवाय पारदर्शक सेलोटेप, चपात्या गुंडाळायचा अॅल्युमिनियम फॉइल, पाच किलोचा स्टीलचा डबा, दोन बसके प्लॅस्टिकचे स्टूल, टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल, एक स्टीलची ताटली आणि इलेक्ट्रिशियनचा लाइन टेस्टर.

पहिला प्रयोग सेलोटेपचा. हा प्रत्येक बाकावर करता येतो आणि माझ्या मते कंगव्याच्या जागी हाच यायला हवा. बाकावर वीतभर टेप चिकटवा, ती कायमची गादी. तिच्यावर दुसरी टेप चिकटवून तिच्यावर ‘ख’ लिहा, म्हणजे खालची. तिच्यावर तिसरी, तिच्यावर ‘व’, वरची. ख आणि व यांची टोकं जराशी दुमडून ठेवा, धरायला बरं पडतं. आता ख आणि व एकत्रच, हळूहळू, गादीवरून सोडवा. ही जोडी हाताकडे ओढली जाते का बघा. जात असेल तर गुळगुळीत बाजूवरून बोटं फिरवा किंवा आरशावर ‘हाऽऽ’ करतो तशी तोंडाची वाफ सोडा, ओढ नाहीशी होईपर्यंत. हा टप्पा पोरं हमखास गाळतात, आणि सगळा प्रयोग त्याच्यावर उभा आहे. सुरुवातीची बाकी शून्य असल्याशिवाय शेवटची मोजून उपयोग काय?

मग दोन्ही टोकं धरून जोडी झटक्यात फाडा. टर्रर्र आवाज येतो आणि दोन्ही टेपा एकमेकींकडे झेपावतात. शेजारच्या बाकावरची ‘व’ आपल्या ‘व’जवळ आणली तर दोघी तोंड फिरवतात. ख आणि ख यांचंही तेच. घासलेला पाइप आणला की एक पळते, दुसरी जवळ येते. पळते ती ऋण. कोणती पळेल ते मी आधी सांगत नाही, कारण ते टेपच्या कंपनीवर ठरतं आणि एकदा मी छातीठोक सांगून तोंडावर पडले आहे. एक पक्कं करून घ्या: आकर्षणावरून काही सिद्ध होत नाही. प्रभारित वस्तू भिंतीलाही ओढली जाते, हातालाही. प्रतिकर्षण दिसलं तरच दोन्ही प्रभारित आणि दोन्ही एकाच जातीच्या. विद्युत दोन जातींची असते हे फ्रान्समध्ये द्यु फे या शास्त्रज्ञाने १७३३ साली सांगितलं. काचेची आणि राळेची, अशी त्यांनी दिलेली नावं होती.

आता उलट जा. ख आणि व पुन्हा एकमेकींवर नीट चिकटवा आणि जोडी हाताजवळ न्या. ओढ जवळपास गेलेली असते. इथे मी गप्प बसते. मिनिटभराने कुणीतरी म्हणतंच, ‘बाई, मिटलं.’ हे सगळं पाचेक मिनिटांत उरका, जास्त वेळ टांगून ठेवलेल्या टेपांवरचा प्रभार हवेत विरतो.

टेप प्रभावी असली तरी त्यात मोजमाप नाही. त्यासाठी डबा. ही कल्पना मायकेल फॅरेडेची, १८४३ सालची. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने बर्फ ठेवायची साडेदहा इंच उंच, सात इंच रुंद धातूची बादली घेतली, तारेने सुवर्णपत्र विद्युतदर्शीला (प्रभार आला की हिची सोन्याची पातळ पानं फाकतात) जोडली आणि पांढऱ्या रेशमी दोऱ्याला बांधलेला प्रभारित पितळी गोळा तिच्यात सोडला. गोळा पुरेसा आत गेला की तो मध्यभागी असो की कडेला, विद्युतदर्शीची पानं तेवढीच उघडी राहिली. गोळा तळाला टेकवला तरी हलली नाहीत. म्हणजे बादलीच्या बाहेरचा भाग आतल्या प्रभाराची फक्त एकूण बेरीज सांगतो. आत काय भानगडी चालल्यात याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

आपला स्टीलचा डबा झाकण काढून पालथ्या घातलेल्या कोरड्या प्लॅस्टिकच्या टबावर ठेवा. तांब्याच्या तारेचा आकडा करून डब्याच्या काठाला बाहेरून चिकटवा, तार धातूला टेकली पाहिजे. आकड्यात फॉइलच्या दोन पट्ट्या एकमेकींना लागून लटकवा, अर्धा सेंटीमीटर रुंद, सहा सेंटीमीटर लांब. पट्ट्या कापल्यावर वहीच्या पानांत दाबून सरळ करा, चुरगळलेल्या पट्ट्या उघडत नाहीत. चाचणी म्हणून घासलेला पाइप न टेकवता डब्यात सोडा: पट्ट्या फाकतात. बाहेर काढा: मिटतात. डब्याला एकदा बोट लावून तो रिकामा करा.

आता दोन पाइप घ्या. एकाच्या टोकाला घोंगडीचा तुकडा दोऱ्याने घट्ट बांधा, दुसरा उघडाच. फडकं पाइपावर बांधण्याचं कारण आहे. घोंगडी हातात धरली की तिच्यावरचा प्रभार आपल्या अंगातून जमिनीत जातो, आणि जन्मभर आपण एकच बाजू बघत राहतो. आता ती बाजूही तशीच टिकून राहील.

दोन्ही पाइपांची टोकं डब्यात खोल घालून आतल्या आत एकमेकांवर घासा. पंधरा-वीस वेळा. पट्ट्या हलत नाहीत. उघडा पाइप बाहेर काढा, घोंगडीवाला आतच राहू द्या: पट्ट्या उघडतात. पाइप परत आत: मिटतात. आता घोंगडीवाला बाहेर: पट्ट्या पुन्हा उघडतात, साधारण तेवढ्याच. दोन्ही आत: शून्य. दोन्ही बाहेर: तरीही शून्य. पट्ट्यांच्या मागे कागद लावून त्यावर पेन्सिलीने रेघा मारून ठेवल्या तर पट्ट्या किती उघडल्या याची तुलना करता येते.

पहिल्यांदा मी हा प्रयोग वर्गासमोर केला तेव्हा माझी फजिती झाली. दोन्ही पाइप आत असतानाच पट्ट्या उघडल्या, आणि चांगल्या उघडल्या. मी ‘जवळजवळ शून्य म्हणायचं’ असं काहीतरी पुटपुटत पुढे निघाले होते. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. तिच्या वडिलांचं किराणा दुकान आहे, संध्याकाळी उधारीची वही तीच लिहिते. म्हणाली, ‘बाई, जमा आणि नावे जुळंना, म्हणजे कुणाची तरी मागची बाकी धरायची राहिलीय.’

तिचंच बरोबर होतं. पाइप हातात घेऊन उभा असलेला मुलगा कंटाळून ते स्वेटरच्या बाहीवर घासत बसला होता. पाइपांवर आधीच प्रभार होता, तो त्यांच्यासकट डब्यात गेला. आम्ही दोन्ही पाइपांवर वाफ सोडली, घोंगडीवरही सोडली, मिनिटभर थांबलो, मग एकेक करून डब्यात घालून पट्ट्या मिटलेल्या राहतात याची खात्री केली आणि पुन्हा घासलं. शून्य आलं. तेव्हापासून मी दर वर्षी ही चूक मुद्दाम एकदा घडू देते. नियम खोटा ठरला असं वाटलं की आधी ‘मागची बाकी’ शोधायची, ही सवय त्यातून लागते.

पट्ट्या उघडल्या तेव्हा किती इलेक्ट्रॉन इकडून तिकडे गेले असतील हेही मुलं विचारतात. कूलोम हे प्रभार मोजायचं एकक. एक नॅनोकूलोम म्हणजे कूलोमचा अब्जावा भाग, त्यातही सुमारे ६२५ कोटी इलेक्ट्रॉन असतात, आणि आपल्या पाइपावर त्याहून जास्तच असणार. एकेका इलेक्ट्रॉनचा प्रभार १.६ × १०⁻¹⁹ कूलोम. सातवीला एवढी शून्यं ऐकूनच मजा येते, दहावीला गणित करायला लावा.

तिसरा प्रयोग पोरांचा सगळ्यात आवडता, कारण त्यात तेच उपकरण होतात. १७४७ साली फिलाडेल्फियाहून बेंजामिन फ्रँकलिनने लंडनच्या पीटर कॉलिन्सनला पत्रातून हा कळवला होता. त्याने माणसं मेणावर उभी केली होती, आपण प्लॅस्टिकच्या स्टुलावर करू. बाथरूममधले बसके स्टूल घ्या, उंच नकोत. पडेल म्हणून कुणी धरायला गेलं की सगळा प्रभार धरणाऱ्यातून जमिनीत. दोघं जण दोन स्टुलांवर, तिसरा खाली फरशीवर अनवाणी. पहिला घोंगडी हातात घेऊन पाइप घासतो आणि दुसऱ्यापुढे धरतो. दुसरा त्या पाइपावरून तळहात फिरवून प्रभार काढून घेतो, बारीक तडतड होते. अशा पंधरा-वीस फेऱ्या. या वेळी घोंगडी हातात धरली तरी चालते, कारण ती धरणाराच जमिनीपासून सुटा आहे, त्याचं अख्खं अंगच फडकं झालंय.

आता खालच्याने टेस्टरची टोपी बोटाने धरून टोक पहिल्याच्या हाताला लावायचं. दिवा लुकलुकतो. पुन्हा सगळ्या फेऱ्या करून दुसऱ्याला लावा, तिथेही लुकलुकतो. म्हणजे घासणारा आणि घेणारा दोघंही प्रभारित. तिसऱ्यांदा मात्र फेऱ्या झाल्यावर खालच्याला लांबच ठेवा आणि स्टुलावरच्या दोघांना एकमेकांच्या बोटाला बोट लावू द्या. या वेळची टिचकी आधीच्यापेक्षा जोरात बसते, कारण एकाकडे जेवढं जास्त तेवढंच दुसऱ्याकडे कमी, आणि दोघांतला फरक जमिनीशी असलेल्या फरकाहून मोठा. त्यानंतर टेस्टर दोघांना लावून बघा. अंधार. फ्रँकलिनलाही हेच दिसलं होतं, आणि त्यावरूनच त्याने एकाला ‘अधिक’, दुसऱ्याला ‘उणे’ म्हटलं. ती चिन्हं आपण अजून वापरतो.

छातीत पेसमेकर किंवा कानात श्रवणयंत्र असलेल्या कुणालाही स्टुलावर चढवू नका, मग ते मूल असो की हौशी पालक. जवळ स्पिरिटचा दिवा नको. आणि टेस्टर त्याच तासाला परत आपल्या कपाटात गेला पाहिजे. आमच्या पोरांचा पुढचा विचार भिंतीतल्या प्लगचा असतो. कुणी काचेच्या बरणीला फॉइल गुंडाळून लेडन जार, म्हणजे प्रभार साठवायची बरणी, करू या म्हणेल. १७४६ साली हॉलंडमधल्या मुशेनब्रुकने प्रभार भरलेल्या बरणीचा असा झटका खाल्ला की पुन्हा नको म्हणाला. मी वर्गात करत नाही.

शेवटचा प्रयोग ताटलीचा, आणि इथे हुशार पोरंही फसतात. थर्माकोलचा सपाट तुकडा घोंगडीने मिनिटभर खसाखसा घासा, तो ऋणप्रभारित होतो. स्टीलच्या ताटलीच्या मधोमध प्लॅस्टिकचा पेला उलटा चिकटवा, ती मूठ. मुठीने ताटली थर्माकोलवर ठेवा, ताटलीला बोट लावा, बोट काढा, मग मुठीने ताटली उचला आणि बोट जवळ न्या. टिक! दोन-तीन मिलिमीटरची ठिणगी. कोरड्या हवेत एका मिलिमीटरला साधारण तीन हजार व्होल्ट लागतात, तेव्हा हा आकडा हजारांत आहे, पण प्रभार इतका थोडा की बोटाला मुंगी चावल्यासारखं वाटतं तेवढंच.

पुन्हा ठेवा, बोट लावा, उचला. टिक. वीस वेळा केलं तरी थर्माकोल परत घासावा लागत नाही. ‘बाई, फुकटची वीज!’ इथेच मी थांबवते आणि एकच बदल करायला लावते: ताटली ठेवा, बोट लावू नका, तशीच उचला. काही नाही. म्हणजे प्रभार थर्माकोलने दिला नाही, बोटाच्या वेळी काहीतरी झालं. थर्माकोलवरच्या ऋणप्रभाराने ताटलीतले इलेक्ट्रॉन वरच्या बाजूला ढकलले होते, बोटाने त्यांना जमिनीकडे वाट करून दिली, आणि ताटली धन होऊन राहिली. याला प्रवर्तन म्हणतात. ठिणगीची ऊर्जाही फुकट नाही: ऋण थर्माकोलपासून धन ताटली ओढून उचलताना हाताने जो जोर लावला, तीच.

वर्गात अंधार करता आला तर बोटाऐवजी टेस्टर वापरा. निऑनच्या दिव्यात दोन बारीक तारा असतात आणि जी ऋण बाजूला असेल तिच्याभोवतीच केशरी उजेड दिसतो. ताटली थर्माकोलवर असताना टोक लावलं तर टोकाकडची तार उजळते, उचलल्यावर लावलं तर टोपीकडची. गेले तेवढे परत आले. हे क्षणार्धात होतं, म्हणून चार-पाचदा करा आणि डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. आम्ही खिडक्यांना सतरंज्या लावतो.

एवढं झाल्यावर गेल्या वर्षी एका मुलाने विचारलं, ‘मग आभाळातल्या विजेचं फडकं कुठंय?’ धनगरवाड्यावरचा मुलगा, वळवाच्या विजांत मेंढरं राखणारा. मी फळ्यावर मोठा ढग काढला. गडगडाटी ढगात बर्फाचे हलके कण आणि गारांसारखे पण मऊ, जड गोळे एकमेकांवर आदळत असतात. आदळताना बहुतेक वेळा गोळे ऋण होऊन खालच्या भागात राहतात, हलके कण धन होऊन वाऱ्याबरोबर वर जातात. जमिनीवर पडणारी वीज आपल्याला दिसते ती बहुधा खालच्या ऋण भागाची. तिचं फडकं त्याच ढगाच्या माथ्यावर, कित्येक किलोमीटर उंच. त्याने मान वर करून कौलांकडे बघितलं आणि म्हणाला, ‘तिथं डबा कसा लावायचा, बाई?’